गोल, कंपू आणि सैनिकाचं वजन

संगणकाच्या गेममधल्या सैनिकाला वजन असतं. म्हणजे अगदी आकड्यात लिहिलेलं. २००४ साली आलेला 'रोम : टोटल वॉर' ज्यांनी खेळला असेल (आपल्या घरातल्या दोघांनी खेळलाय, आणि ऐन बारावीच्या वर्षी खेळलाय, पण आत्या ते विसरली आहे तर आपण कशाला आठवण द्या) त्यांना हे कदाचित ठाऊक नसेल, कारण खेळताना तो आकडा कुठे दिसत नाही. गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाईल असते, तिच्यात प्रत्येक तुकडीची कुंडली मांडलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत वाशीमला आलेल्या भाच्याने ती उघडली आणि म्हणाला, "मामा, हे बघ, आपल्या माणसांचं वस्तुमान."

एका ओळीत सैनिकाच्या चित्राचं नाव, मग तुकडीत माणसं किती, आणि शेवटी एक दशांश अपूर्णांक. साधा माणूस म्हणजे १. कुणी थोडा जास्त, कुणी थोडा कमी. घोडेस्वार धडकला की पायदळातला माणूस किती मागे फेकला जाईल हे त्या आकड्यावर ठरतं. खालच्या दुसऱ्या एका ओळीत तुकडीची रचना असते. शेजारच्या सैनिकापासून किती मीटर, मागच्यापासून किती मीटर, विरळ उभं राहायचं असेल तर हेच दोन आकडे पुन्हा, मग रांगा किती, आणि मग तुकडीला कुठल्या रचना जमतात त्यांची नावं. चौकोन, झुंड, लांब भाल्यांची फळी, ढालींचं कासव, पाचर.

गंमत म्हणजे फाईलमध्ये माणसं ४० लिहिलेली असली तरी पडद्यावर ती ८० होतात किंवा १६० होतात. ते तुमच्या सेटिंगवर अवलंबून. दमदार मशीन असलेल्याचं सैन्य मोठं. ग्राफिक्स कार्डावर फौजेचा आकार ठरणारा हा इतिहासातला पहिलाच काळ म्हणायचा :-)

भाचा पुढच्या लढाईकडे वळला, पण माझ्या डोक्यात तो आकडा बसून राहिला. पायदळाचं वजन नेमकं असतं कुठे? माणसात, की रांगेत?

पायदळावर घोडा धडकतो म्हणजे काय होतं, हे आपण सिनेमात पाहिलेलं असतं. गेमनेही तेच उचललंय. घोडा येतो, माणसं पत्त्यासारखी उडतात. जॉन कीगन या इंग्रज इतिहासकाराने १९७६ साली 'द फेस ऑफ बॅटल' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात वॉटर्लूच्या (१८१५) लढाईची फार बारीक चिरफाड केली आहे. फ्रेंच घोडदळाने त्या दुपारी इंग्रजांच्या चौकोनांवर पुन्हा पुन्हा चाल केली आणि एकही चौकोन फुटला नाही. कारण साधं आहे. न हलणाऱ्या, संगिनी रोखलेल्या माणसांच्या भिंतीवर घोडा अंग टाकत नाही. तो थबकतो, वळतो, बाजूने निघून जातो. घोड्याचं वजन माणसाच्या कितीतरी पट असतं, पण ते वजन वापरायची वेळच येत नाही. भिंत हलली, दोन माणसं मागे सरली, फट दिसली, तर मात्र घोडा आत शिरतो आणि मग सगळं संपतं. म्हणजे टक्कर व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. कोण थांबलं आणि कोण सरकलं, यावर.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पारावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कुठेही इतिहासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, पायदळाच्या आणि तोफांच्या नादी लागले, म्हणून बुडाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच ते ओळखू येतं. त्याला पुरावाही दारातच आहे. आपल्या जिल्ह्यातलं कारंजा. १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर थोड्याच दिवसांत शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात शिरून ही श्रीमंत पेठ लुटली. तिथे कुठली रांग, कुठला चौकोन? वेगाने आले, वेगाने गेले. मुघलांच्या जड फौजेला वजन होतं, पण ते योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोचलंच नाही.

पण त्या वाक्यात एक मोठी गफलत आहे असं मला वाटतं. लुटायला आणि निसटायला घोडा पुरतो. प्रदेश धरून ठेवायचा, किल्ल्यासमोर महिनोनमहिने बसायचं, शत्रूच्या तोफांसमोर उघड्या मैदानात उभं राहायचं, तर पायदळ लागतं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दख्खनमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं. निजामाच्या पदरी फ्रेंच सेनानी बुसी होता, त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला. १७६०च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झाला तेव्हा तो सदाशिवरावभाऊंच्या बाजूने होता. भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं होतं की हे लोक काय करू शकतात. त्यामुळे उत्तरेत जाताना त्यांनी गारद्यांना बरोबर नेलं यात नादी लागण्यासारखं काही नव्हतं. चूक झाली असेल तर ती पुढची आहे, आणि ती समजायला मला चक्क 'एज ऑफ एम्पायर्स'ची मदत झाली.

या गेमच्या पहिल्या भागात (१९९७) रचना हा प्रकारच नव्हता. माणसं गर्दीने जायची, देवळातल्या प्रसादाच्या रांगेसारखी. दुसऱ्या भागात (१९९९) रांग, पेटी, विरळ आणि दुभंग अशा चार रचना आल्या. त्यात एक बारीकशी सोय आहे. तुम्ही घोडेस्वार, पायदळ आणि दगडफेकीची यंत्रं एकत्र निवडून चालायला लावली, की सगळे सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतात. घोडे लगाम खेचून यंत्राच्या शेजारून डुलत डुलत जातात. खेळणाऱ्या पोरांना याचा राग येतो. पण संगणकाच्या दृष्टीने ही किती सोपी गोष्ट आहे पाहा. सगळ्यांचे वेग बघायचे, सर्वांत कमी तो घ्यायचा. एका ओळीचं गणित.

१४ जानेवारी १७६१ला पानिपतावर नेमकं हे एका ओळीचं गणित सुटलं नाही.

मराठ्यांची छावणी उपाशी होती. धान्य संपलं होतं, दिल्लीकडची वाट अब्दालीने अडवली होती. तेव्हा ठरलं ते असं, की गोल बांधून बाहेर पडायचं. गोल म्हणजे माणसांचा चालता किल्ला. कडेला लढणारे, पोटात बायका, मुलं, यात्रेकरू, कारकून, बाजारबुणगे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' (१९४६) ज्यांनी वाचलंय त्यांना मी काही नवीन सांगत नाहीये. डावीकडे इब्राहिमखानाचे गारदी आणि तोफा, त्यांच्या लगत विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार, मध्ये भाऊ आणि विश्वासराव हुजुरातीसह, उजवीकडे जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर.

गेममध्ये चौकोन बांधला की त्याचं पोट रिकामं असतं. पानिपतच्या गोलाचं पोट हेच त्याचं कारण होतं. आणि उभा चौकोन वेगळा, चालता चौकोन वेगळा. कवायतीत मुरलेल्या पलटणीलासुद्धा चालता चौकोन अवघड जातो, कारण पुढची बाजू छाती पुढे करून चालते, बाजूच्या भिंती कडेने चालतात, मागची बाजू पुन्हापुन्हा वळून पाहत चालते. एकाचं पाऊल लांब पडलं की कोपरा उघडतो. इथे तर एका कडेला पायी चालणारे गारदी आणि बाकी कडांना घोडे. घोडेस्वाराने तास न् तास गारद्याच्या चालीने घोडा चालवायचा, समोर शत्रू दिसत असताना. जन्मभर ज्याने घोड्याचा वेग हेच हत्यार मानलं, त्याला हे सांगायचं. मल्हाररावांचा कल जुन्या पद्धतीच्या लढाईकडे होता असं बखरी सांगतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

इब्राहिमखानाने त्या सकाळी काय केलं ते काशीराजाच्या हकीकतीत आहे. हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा मराठी माणूस, म्हणजे शत्रूच्या गोटातून लढाई पाहणारा. तो सांगतो की लढाई सुरू होण्याआधी इब्राहिमखान भाऊंकडे गेला आणि म्हणाला की माझ्या लोकांच्या दरमहा पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून तुम्ही माझ्यावर नाराज असता, या महिन्याचा पगार मिळालेलाही नाही, पण ते राहू द्या, आज मी माझं काम करतो. मग त्याने दोन पलटणी तिरक्या उभ्या करून बगल राखली आणि उरलेल्या सात घेऊन रोहिल्यांवर गेला. स्वतः निशाण हाती घेतलं, गोळीबार थांबवायला लावला आणि संगिनी रोखून चाल केली.

हे दोन पलटणी तिरक्या ठेवणं मला फार आवडतं. गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, नवशिक्याची पहिली दहा युद्धं बगल उघडी राहिल्यानेच हरलेली असतात. इब्राहिमखान नवशिक्या नव्हता.

रोहिल्यांची फळी मोडली. आणि मग मराठी पुस्तकांत नेहमी सांगितला जाणारा तो प्रसंग घडला. शत्रू मागे हटताना दिसला तसे शेजारचे स्वार गोल सोडून पुढे धावले. गारद्यांच्या बंदुकांच्या तोंडासमोर आपलीच माणसं आली, मारा थांबला, स्वार मार खाऊन परत फिरले, आणि गोलाच्या कडेला जी फट पडली ती पुन्हा भरली नाही. काशीराज म्हणतो की गारद्यांच्या सहा पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.

तेव्हा पायदळ आणलं म्हणून पानिपत झालं, असं म्हणणाऱ्याला माझा प्रश्न असतो की त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ जागा धरून कोण उभं होतं? पायदळ आणलं, पण बाकीच्या फौजेने पायदळाचं पाऊल शिकून घेतलं नाही. निम्मं आणलं, निम्मं राहिलं.

हे ज्याला सर्वांत आधी कळलं तो माणूस पानिपतावरून लंगडत परत आला होता. महादजी शिंदे. त्यांनी १७८४च्या सुमारास सॅव्हॉयच्या डी बॉयनला चाकरीला घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. यांना आपण कंपू म्हणतो. (मराठी आंतरजालावर ज्यांनी काही वर्षं काढली आहेत त्यांना कंपू आणि कंपूबाजी हे शब्द वेगळ्याच संदर्भात पाठ असतील. मूळ हे. एकमेकांना खेटून उभे राहतात आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत, हा गुण दोन्हीकडे सारखाच.) १७९०च्या सप्टेंबरात मेडत्याला राठोडांच्या स्वारांनी या कंपूवर चाल केली. राठोडांच्या शौर्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. डी बॉयनने पोकळ चौकोन बांधला आणि तो टिकला. पानिपतानंतर तीस वर्षांच्या आत, त्याच देशातली माणसं, तीच संगीन.

आणि मग असई.

असईला जायला वाशीमहून फार लांब पडत नाही. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ला तिथे आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच) आणि शिंदे-भोसल्यांची फौज यांची गाठ पडली. शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांवर, त्यात बेगम समरूच्याही पलटणी, आणि सगळ्यांवर हॅनोव्हरचा पोलमन. ते केळणेच्या काठाने दक्षिणेला तोंड करून उभे होते. वेलस्लीने पूर्वेकडे दोन गावं समोरासमोर पाहिली, त्यावरून तिथे उतार असणार असा अंदाज बांधला आणि नदी ओलांडली. त्याचा बेत उघड होता. मराठ्यांची रांग दक्षिणेकडे बघतेय, आपण पूर्वेकडून तिच्या बगलेत घुसायचं. गेममध्ये याला पाच मिनिटांत जिंकलेली लढाई म्हणतात.

पोलमनने रांग फिरवली. सगळी. काटकोनात.

हे वाक्य वाचायला सोपं आहे म्हणून थोडा हिशेब करू. त्या काळच्या इंग्रजी कवायतीत रांगेतल्या प्रत्येक माणसाला २२ इंच रुंदी धरत. खांद्याला खांदा. हाच हिशेब धरला, तर १०,००० माणसं तीन रांगांत उभी केली की एका रांगेत ३,३३३ माणसं आणि लांबी सुमारे १,८६० मीटर, म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून जास्त. आता ही रांग दाराच्या झडपेसारखी एका टोकावर फिरवायची म्हटली, तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला जवळजवळ तीन किलोमीटरची कमान चालावी लागेल. साध्या चालीचा हिशेब मिनिटाला ७५ पावलं, पाऊल ३० इंचांचं. पन्नास मिनिटं! आणि ती रांग मधे वाकणार, तुटणार, ओढ्यात अडकणार ते वेगळंच. म्हणून असं कुणी करत नाही. कवायतीतला उपाय असा, की प्रत्येक पलटण आपल्या छोट्या तुकड्यांचा रकाना करते, नव्या जागेवर स्वतंत्रपणे चालत जाते आणि तिथे पुन्हा रांगेत उलगडते. कुणी आधी निघायचं, कुणी थांबायचं, कुठला खुणेचा माणूस कुठे उभा करायचा, हे सगळं ठरलेलं असतं. शंभराच्या आसपास तोफा आणि त्यांचे बैल यांच्यासह हे करायचं, शत्रू नदी उतरत असताना.

'टोटल वॉर'मध्ये माउसचं उजवं बटण दाबून रेघ ओढली की तुकडी फिरते. सैनिक एकमेकांच्या अंगातून आरपार धावतात, कुणी कुणाला अडखळत नाही. जे वजन टक्कर देताना मोजलं जातं, ते वळताना मात्र गायब असतं! खऱ्या पायदळाचं सगळं कौशल्य नेमकं या वळण्यात होतं. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. त्याला स्वतःचीच रांग ऐनवेळी लांबवावी लागली, त्या गडबडीत उजवीकडची तुकडी असई गावाच्या फार जवळ गेली आणि ७४व्या हायलँडर पलटणीची अक्षरशः कत्तल झाली. मराठा गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकल्यावर उठून मागून मारा करू लागले. लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा मिळवल्या, पण मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्यांचे १,५८४ लोक कामी आले.

आपल्या शाळेच्या पुस्तकात असई ही एका ओळीत हरलेली लढाई असते. मला वाटतं त्या काटकोनी वळणासाठी तरी तिला एक परिच्छेद मिळायला हवा. ज्यांनी ते वळण घेतलं ते बहुतेक सगळे आपल्याच देशातले साधे शिपाई होते, नाव न उरलेले.

मग हरले का? याचं एक उत्तर रॅन्डॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ साली दिलं आणि ते मला पटतं. मराठ्यांचं पायदळ किंवा तोफखाना कमअस्सल नव्हता. मोडली ती वरची फळी. युद्धाच्या तोंडावर कंपनी सरकारने जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडावी, त्यांची सोय आम्ही करू. बरेच जण गेले. डी बॉयननंतर आलेला पेरॉन हा तर फ्रेंच, पण तोही १८०३च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिपायाला नेमका कुठे वळायचा इशारा द्यायचा हे ज्याला माहीत, तोच माणूस निघून गेला. तरी १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या पलटणी अशा लढल्या की खुद्द जनरल लेकने त्यांचं कौतुक लिहून ठेवलं.

आणि पगार. 'रोम'मध्ये प्रत्येक फेरीला तुकडीचा खर्च आपोआप वजा होतो. तिजोरी रिकामी झाली तर नवी भरती थांबते, पण उभी तुकडी कधी धरणं धरून बसत नाही. आपल्याकडच्या कवायती पायदळाचा निम्मा इतिहास थकलेल्या पगाराचा आहे. पानिपतच्या सकाळी इब्राहिमखानाच्या तोंडी पगार आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून करणारे गारदी आत शिरले तेही थकबाकीचा गलका करत. शिलेदाराचं बरं होतं, घोडा त्याचा, लूट मिळाली की काम चालतं. रांगेत उभं राहणाऱ्याला लूट करायला रांग सोडावी लागते, आणि रांग सोडली की तो पायदळ राहत नाही. त्याला दरमहा रोखच लागते. दरमहा रोख द्यायची तर वसुली दरमहा, नीट, हिशेबाने झाली पाहिजे. आपल्या वऱ्हाडात तर तेव्हा दोअमली होती, एकाच गावचा सारा निजाम आणि भोसले वाटून घेत. त्यातून कंपू पोसायचा म्हणजे काय, ते कारकुनालाच विचारावं.

गेमला हे काहीच कळत नाही असं मात्र नाही. 'टोटल वॉर'मध्ये सैनिकांचं मनोबल असतं, शेजारची तुकडी पळाली की आपली डळमळते, सेनापती पडला की सगळ्यांचं धैर्य खचतं. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर काय झालं हे शिकवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. २००९च्या 'एम्पायर'मध्ये तर मराठे स्वतंत्र सत्ता म्हणून खेळता येतात. खेळ १७०० सालापासून सुरू होतो. (त्या वर्षी खऱ्या साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा होता आणि मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. गेममध्ये मात्र पैसे घेऊन शांतपणे सुरुवात करायची.) तिथे चौकोनाची रचना आधी विद्यालयात संशोधन करून मिळवावी लागते. ती एकदा मिळाली की राज्यातल्या सगळ्या लायक तुकड्यांना एकाच दिवशी येते. महादजींना हे ऐकून हसू आलं असतं. त्यांची त्यात कित्येक वर्षं गेली.

भाच्याचं म्हणणं असं पडलं की मग आकड्यात बदल करू, गारद्यांचं वस्तुमान दीड करून टाकू. करता येईल, फाईल साधीच आहे. पण आकडा लढाईभर तोच राहतो, सकाळी दीड तर संध्याकाळीही दीड. इथेच मला आडगाव आठवतं.

आडगाव अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. १ जुलै १९९८पर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता, म्हणजे आमच्या पिढीच्या हिशेबाने ही आपल्याच जिल्ह्यातली लढाई. असईनंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबर १८०३ला, रघूजी भोसल्यांचे भाऊ मन्याबापू तिथे उभे होते, बरोबर शिंद्यांचे स्वार. असईला वळण घेणारे कंपू आता नव्हते. समोरून वेलस्ली आणि स्टीव्हन्सन एकत्र आले होते. दिवस कलायला लागला होता.

इंग्रजांची फौज शिरसोली गावाजवळून मोकळ्या मैदानात उलगडत होती. भोसल्यांच्या तोफांनी मारा सुरू केला. तोफा ओढणारे बैल बिथरले, आणि वेलस्लीच्या तीन देशी पलटणी फिरल्या आणि पळाल्या. असईच्या भयंकर माऱ्यात हेच शिपाई जागचे हलले नव्हते. इथला मारा त्याच्या पासंगालाही नव्हता. माणसं तीच, बंदुका त्याच, कवायत तीच, पगार मिळालेला. वस्तुमान एका क्षणात शून्य.

वेलस्ली योगायोगाने जवळच होता. तो घोडा घेऊन मधे गेला, त्यांना गावाच्या आडोशाला गोळा केलं, पुन्हा रांगेत लावलं आणि जागेवर नेऊन जमिनीवर आडवं पडायला सांगितलं. बाकीची फौज येईपर्यंत ते शेतात तसेच पडून राहिले. मग सगळ्यांबरोबर उठले आणि पुढे चालले. भोसल्यांच्या बाजूने अरब म्हणवल्या जाणाऱ्या पायदळाची एक मोठी टोळी हायलँडर पलटणींवर तुटून पडली आणि जवळजवळ सगळी मारली गेली. बाकीची फौज फार वेळ टिकली नाही. चांदणं होतं, पाठलाग रात्रीपर्यंत चालला. ३८ तोफा गेल्या.

१५ डिसेंबरला गाविलगड पडला, तिथे किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेच्या वऱ्हाडावरचा हक्क भोसल्यांनी सोडला, तो मुलूख निजामाकडे गेला. आपलं वाशीम त्यातच होतं.